रुग्णालयातल्या पडद्यांची तपासणी कोण करतो?

रुग्णालयाच्या कॉरिडॉरमध्ये हल्ली एक दृश्य वारंवार दिसते. चालता चालता डॉक्टर थांबतात, खिशातून फोन काढतात, सहकाऱ्याने पाठवलेला छातीचा एक्स-रे उघडतात आणि फोन तिरका करून पाहू लागतात, कारण छतावरच्या दिव्याचा पांढरा पट्टा नेमका फुप्फुसाच्या वरच्या टोकावर पडलेला असतो. मग ते दोन पावले भिंतीकडे सरकतात, दुसऱ्या हाताचा आडोसा धरतात, बोटांनी प्रतिमा मोठी करतात. बहुतेक वेळा त्यांना हवे ते दिसते. पण फुप्फुसाच्या त्याच टोकाशी, काळ्यावर किंचित कमी काळी अशी केसाएवढी रेघ असेल, तर ती फुप्फुसाबाहेर हवा साठल्याची खूण असते. आणि ती रेघ दिसणे डॉक्टरांच्या ज्ञानावर जितके अवलंबून असते, तितकेच त्या क्षणी हातातल्या काचेवर आणि डोक्यावरच्या दिव्यावरही असते.

रुग्णालयात जवळपास प्रत्येक यंत्राची तपासणी होते. एक्स-रे यंत्रातून किती किरण बाहेर पडतात हे ठरावीक काळाने मोजले जाते. सीटी स्कॅनच्या यंत्रात पाण्याने भरलेले भांडे ठेवून पाण्याचे मूल्य शून्यच येते आहे ना, याची खात्री करून घेतली जाते. प्रयोगशाळेत रुग्णांच्या रक्ताआधी ठाऊक मूल्याचा नमुना यंत्रातून काढला जातो. या सगळ्या काटेकोरपणातून तयार झालेली प्रतिमा शेवटी ज्या पडद्यावर माणसाच्या डोळ्यांना भेटते, तो पडदा मात्र पुष्कळ ठिकाणी संगणकांच्या खरेदीत टेबल-खुर्च्यांबरोबर येतो आणि बंद पडेपर्यंत कोणी त्याच्याकडे पाहत नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की रुग्णालयातला पडदा, मग तो निदानाच्या खोलीतला असो वा रुग्णाच्या उशाशी असलेला, वैद्यकीय उपकरण मानला जावा, त्याचा प्रकाश मोजला जावा आणि त्या मोजमापाची जबाबदारी कोणाच्या तरी नावावर असावी.

फिल्मच्या काळात ही शिस्त आपोआप पाळली जात होती. एक्स-रेची फिल्म पाहायची तर ती मागून उजेड देणाऱ्या व्ह्यू बॉक्सवर लावावी लागे, व्ह्यू बॉक्स ठरावीक खोलीत असे आणि त्या खोलीत अंधार ठेवण्याची पद्धत होती. साध्या एक्स-रेसाठी व्ह्यू बॉक्सचा उजेड दर चौरस मीटरला किमान 1500 कॅन्डेला आणि स्तनांच्या तपासणीच्या फिल्मसाठी किमान 3000 कॅन्डेला असावा, असा दंडक रूढ झाला होता. शंका आली तर फिल्मचा गडद भाग प्रखर दिव्यापुढे धरून पाहता येई. फिल्मला मर्यादा होत्या, ती हरवे, तिच्यावर डाग पडत, आणि तिच्या जागी संगणकीय प्रतिमा आल्या हे चांगलेच झाले. जानेवारी 2000 मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने पहिल्या डिजिटल मॅमोग्राफी (स्तनांच्या एक्स-रेच्या) यंत्रणेला मान्यता दिली आणि सर्वांत बारीक तपशील लागणारी तपासणीही फिल्मवरून सुटण्याचा मार्ग खुला झाला. मात्र फिल्मबरोबर अंधारी खोलीही गेली. प्रतिमा कुठेही उघडता येऊ लागली आणि ती कुठेही पाहिली तरी तीच असते, असा समज हळूहळू घट्ट झाला.

तो समज चुकीचा का आहे, हे नीट समजून घेतले पाहिजे. सीटी स्कॅनमध्ये शरीराच्या प्रत्येक बिंदूला एक आकडा मिळतो. गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या मोजपट्टीवर पाणी शून्यावर असते आणि हवा उणे 1000 वर. अशी साधारण 4096 वेगवेगळी मूल्ये नोंदली जातात, तर साधा पडदा करड्या रंगाच्या 256 छटा दाखवतो. म्हणून क्ष-किरणतज्ज्ञ त्या लांबलचक पट्टीचा हवा तेवढाच तुकडा निवडून पडद्यावर पसरतात. मेंदू पाहताना तो तुकडा बहुधा अवघ्या 80 एककांचा असतो. मेंदूतला करडा भाग आणि पांढरा भाग यांच्यातले अंतर जेमतेम दहाएक एककांचे असते आणि पक्षाघाताच्या पहिल्या काही तासांत हेच अंतर पुसट होऊ लागते. मेंदूच्या एखाद्या भागाची शेजारच्या भागाशी असलेली सीमारेषा जराशी पुसट झाली आहे, एवढीच काय ती खूण. यंत्राने ती टिपलेली असते. पडद्याने ती गिळली, तर आधीच्या सगळ्या खटाटोपाचा त्या रुग्णाला उपयोग होत नाही.

पडदा हे गिळतो कसे? आपला डोळा सर्व छटांमधला फरक सारख्याच सहजतेने ओळखत नाही. गडद भागातला लहानसा फरक ओळखायला त्याला जास्त अडचण पडते आणि नेमक्या त्याच टोकाला साधे पडदे छटा एकमेकींत मिसळून टाकतात. यावर तोडगा फार पूर्वी निघालेला आहे. वैद्यकीय प्रतिमांसाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या डायकॉम मानकाच्या चौदाव्या भागात, डोळ्याला जेमतेम जाणवेल असा फरक हे एकक धरून, दर चौरस मीटरला 0.05 पासून सुमारे 4000 कॅन्डेलापर्यंतच्या उजेडाच्या 1023 पायऱ्या ठरवल्या आहेत. पडदा या पायऱ्यांशी जुळवून घेतला, म्हणजेच त्याचे कॅलिब्रेशन केले, की प्रतिमेतला तेवढाच फरक गडद भागात असो वा उजळ, डोळ्याला जवळपास तेवढाच जाणवतो. आणि याहून महत्त्वाचे म्हणजे, दोन वेगळ्या पडद्यांवर तीच प्रतिमा सारखी दिसू लागते. रात्री एका डॉक्टरने घरून पाहिलेला आणि सकाळी दुसऱ्याने विभागात पाहिलेला स्कॅन खरोखर एकच असायचा, तर हे जुळवणे टाळता येत नाही.

पुन्हा, एकदा जुळवून काम भागत नाही. पडद्यामागचे दिवे वापराच्या तासांबरोबर मंदावत जातात. हे इतके सावकाश घडते की रोज त्याच पडद्यापुढे बसणाऱ्याला ते कळणे अवघड असते. त्याचा डोळा मंदावलेल्या उजेडाशी जुळवून घेत राहतो आणि पडदा आपल्याला काय दाखवायचे थांबला आहे, हे त्याला पडद्याकडे पाहून समजू शकत नाही. त्यात खोलीतल्या दिव्यांची भर पडते. काळा रंग म्हणजे उजेडाचा अभाव, आणि काचेवरून परतणारा खोलीतला उजेड तो अभाव भरून काढतो. त्यामुळे प्रतिमा वाचण्याच्या खोलीत साधारण 25 ते 50 लक्स एवढाच मंद उजेड ठेवावा, अशी शिफारस आहे; कार्यालयांत तो पाचशेच्या घरात असतो. निदानाच्या पडद्याचा उजेड किमान 350 आणि मॅमोग्राफीसाठी किमान 420 कॅन्डेला असावा, असे अमेरिकेतल्या क्ष-किरणतज्ज्ञांच्या आणि भौतिकतज्ज्ञांच्या संघटनांनी मिळून ठरवलेले आहे. उत्तम पडदा लख्ख उजेडाच्या खोलीत खिडकीसमोर ठेवला, तर त्यासाठी मोजलेल्या पैशाचा मोठा भाग त्या खिडकीतूनच निघून जातो.

तपासणीची सर्वांत साधी पद्धत मला अतिशय आवडते, कारण तिला उपकरणही लागत नाही. अमेरिकेतल्या वैद्यकीय भौतिकतज्ज्ञांच्या संघटनेने 2005 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात एक चाचणी-प्रतिमा दिलेली आहे. तिच्यात एक पूर्ण काळा चौकोन आहे आणि त्याच्या आत पाच टक्के उजळ असा लहान चौकोन. तसाच एक पूर्ण पांढरा चौकोन आणि त्याच्या आत पाच टक्के गडद चौकोन. चारही चौकोन वेगवेगळे दिसले पाहिजेत. त्याखाली ‘क्वालिटी कंट्रोल’ हे दोन इंग्रजी शब्द काळ्या, करड्या आणि पांढऱ्या पट्टीवर लिहिलेले आहेत आणि प्रत्येक अक्षर आधीच्या अक्षराहून फिके होत जाते. कितव्या अक्षरापर्यंत वाचता येते, हे मोजायचे. काळ्या पट्टीवर गेल्या महिन्यापेक्षा दोन अक्षरे कमी वाचता आली, तर पडद्याचे किंवा खोलीचे काहीतरी बिघडले आहे. या कामाला दोन-तीन मिनिटे पुरतात. वर्षातून एकदा प्रकाशमापक लावून मोजमाप आणि रोज किंवा आठवड्याला ही अक्षरे वाचणे, एवढी नोंद ठेवायला कोणत्याही विभागाला जड जाऊ नये.

यावर अनुभवी डॉक्टरांकडून एक आक्षेप येतो आणि तो आदराने ऐकण्यासारखा आहे. तरबेज डोळ्याला साधा पडदाही चालतो. वर्षानुवर्षे आम्ही अशाच पडद्यांवर निदान केले, असे ते म्हणतात. यात तथ्य आहे. सीटी आणि एमआरआयच्या प्रतिमांमध्ये ठिपके (पिक्सेल) तुलनेने मोजके असतात, तज्ज्ञ छटांचा तुकडा सतत बदलत पाहतात, आणि चांगल्या प्रतीचा साधा पडदा नीट जुळवून मंद उजेडात ठेवला तर पुष्कळ कामांसाठी तो पुरेसा ठरतो. स्तनांच्या प्रतिमेत मात्र मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याएवढे कॅल्शियमचे कण शोधायचे असतात. त्यांचा आकार आणि मांडणी यांवरून पुढे सुईने तुकडा काढायचा की नाही हे ठरते. त्यासाठी सुमारे पन्नास लाख ठिपक्यांचे पडदे वापरले जातात आणि तिथे तडजोड करू नये. म्हणजे सगळीकडे महागडे पडदे घ्या, असा आग्रह मी धरत नाही. साधारण पडदा मोजून वापरणे हे महाग पडदा न मोजता वापरण्यापेक्षा रुग्णाच्या जास्त हिताचे आहे. माझा आक्षेप न मोजण्यावर आहे.

फोनवरच्या प्रतिमांबाबतही सरसकट बंदी घालणे मला पटत नाही. रात्री दोन वाजता मेंदूतला रक्तस्राव फोनवर पाहून शस्त्रक्रियेचा निर्णय तासभर आधी घेता येत असेल, तर फोन घ्यावाच. पण तो कसा घ्यावा याचा धडा फेब्रुवारी 2011 मध्येच मिळालेला आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने तेव्हा मोबाइलवर वैद्यकीय प्रतिमा पाहून निदान करण्यासाठीच्या पहिल्या अ‍ॅपला परवानगी दिली, ती नेहमीचा संगणक हाताशी नसेल तेव्हापुरती. त्या अ‍ॅपमध्ये एक छोटी चाचणी होती. पडद्याचा एखादा भाग बाकीच्यापेक्षा अगदी किंचित वेगळ्या छटेचा दाखवला जाई आणि डॉक्टरांनी तो ओळखून त्यावर बोट ठेवायचे. बोट अचूक पडले, तर भोवतालचा उजेड आड येत नाही, असे समजायचे. कॉरिडॉरमध्ये फोन तिरका करणाऱ्या डॉक्टरांना याच प्रश्नाचे उत्तर हवे असते. निरोपांच्या अ‍ॅपवरून आलेल्या, वाटेत दाबून लहान केलेल्या छायाचित्रात ते मिळत नाही, आणि पडद्यावरच्या एक्स-रेचा फोटो काढून पाठवलेला असेल, तर दोन पडदे आणि एक कॅमेरा यांतून गाळून उरलेलेच डॉक्टरांच्या हाती येते.

शस्त्रक्रियागृहात आणि पॅथॉलॉजीत प्रश्न छटेपेक्षा रंगाचा असतो. दुर्बिणीतून होणाऱ्या शस्त्रक्रियेत सर्जन रुग्णाच्या पोटाकडे पाहतच नाहीत, समोरच्या पडद्याकडे पाहतात; ऊतीचा रंग फिका पडला आहे का, हे पडदा सांगेल तसे. 2017 मध्ये ऊतींच्या नमुन्यांच्या काचपट्ट्यांच्या डिजिटल प्रतिमांवरून निदान करणाऱ्या पहिल्या यंत्रणेला अमेरिकेत मान्यता मिळाली, तेव्हा स्कॅनर, सॉफ्टवेअर आणि पडदा यांचा एकत्रित विचार करून ती दिली गेली. पडदा हा निदान-यंत्रणेचाच भाग आहे, हे त्या निर्णयात गृहीत होते. तेवढेच सगळीकडे गृहीत धरले जावे.

आता खाटेवरून दिसणाऱ्या पडद्यांकडे वळतो, कारण तिथेही मोजमापाचा तोच अभाव मला दिसतो. फक्त तिथे कोणी चूक धरत नाही, कारण झोप न लागणे ही चूक म्हणून नोंदलीच जात नाही.

आई रुग्णालयात होती तेव्हाची एक रात्र मला आठवते. तिच्या खाटेसमोरच्या भिंतीवर मोठा पडदा बसवलेला होता. त्यावर रुग्णालयाच्या सोयीसुविधांची तीच ती चित्रफीत फिरत राही. आवाज बंद होता, पण दर काही सेकंदांनी दृश्य बदलले की आईच्या चेहऱ्यावर निळा-पांढरा उजेड पडायचा आणि मिटलेल्या पापण्या हलायच्या. तिने कूस बदलली, तर सलाइनची नळी ओढली जाई. मी सिस्टरना विचारले तेव्हा त्या संकोचून म्हणाल्या, ‘दादा, त्याचा रिमोट आमच्याकडे नसतो हो, ते वरूनच चालू असतं.’ मग त्यांनीच स्टूल आणले, त्यावर चढल्या आणि मागची पिन उपसून काढली. खोलीत अंधार झाला आणि आई थोड्या वेळाने झोपली. तो पडदा रुग्णांच्या सोयीसाठी म्हणूनच बसवला असणार, याबद्दल मला शंका नाही. बसवताना खाटेवर आडवे होऊन रात्री दोन वाजता तिथून काय दिसते, हे कोणी पाहिले नव्हते, इतकेच.

उजेडाचा झोपेशी काय संबंध आहे, हे आता चांगले ठाऊक आहे. डोळ्याच्या पडद्यात पाहण्यासाठी लागणाऱ्या पेशींखेरीज आणखी काही पेशी असतात. त्या निळसर उजेडाला सर्वाधिक प्रतिसाद देतात आणि दिवस आहे की रात्र, हे मेंदूला कळवतात. रात्री असा उजेड डोळ्यांत गेला, तर झोपेशी निगडित मेलॅटोनिन हे संप्रेरक दबते. अतिदक्षता विभागातल्या रुग्णाच्या भोवती असे किती पडदे असतात, ते मोजून पाहावे. हृदयाचा मॉनिटर, व्हेंटिलेटर, सलाइनचे पंप, संगणक. प्रत्येकाचा उजेड कमी करण्याची सोय बहुतेकदा यंत्रातच असते, ती रात्री वापरली जावी एवढेच मागणे आहे. वृद्ध रुग्ण रात्री गोंधळतात, कोण कुठे आहे हे विसरतात, नळ्या उपसू पाहतात, तेव्हा त्यामागे अनेक कारणे असतात. त्यांतले मोडलेले रात्र-दिवसाचे चक्र हे सांभाळता येण्याजोगे कारण आहे.

मॉनिटर रुग्णासमोर आणि नातेवाइकांसमोर असण्याचाही विचार व्हायला हवा. रक्तातला ऑक्सिजन मोजण्यासाठी बोटाला लावलेला चिमटा सैल झाला तरी आकडा उतरतो, लाल होतो, घंटी वाजते आणि बाकावर बसलेल्या माणसाचे काळीज हलते. अमेरिकेतल्या रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशनने 2013 मध्ये दिलेल्या इशाऱ्यात, अशा घंट्यांपैकी 85 ते 99 टक्के घंट्यांना कोणत्याही उपचाराची गरज नसते, असा अंदाज नमूद केला होता, आणि सतत वाजणाऱ्या घंट्यांना सरावलेल्या कर्मचाऱ्यांकडून खरी घंटा निसटते, असेही बजावले होते. परिचारिकांना तो पडदा हवाच. पण तो त्यांच्या बाजूला वळवता येतो, घंटी त्यांच्या टेबलापाशी वाजवता येते, आणि नातेवाइकांना कोणता आकडा कशाचा, कशाने घाबरायचे नाही, हे कोणीतरी दोन मिनिटे बसून सांगू शकते.

पडदा रुग्णाला खरोखर दिलासा देऊ शकतो, यावर माझा विश्वास आहे, आणि म्हणूनच तो कशाच्या जागी वापरला जातो याबद्दल मी आग्रही आहे. 1984 मध्ये संशोधक रॉजर उलरिक यांनी पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतरच्या रुग्णांच्या नोंदी तपासल्या. ज्यांच्या खिडकीतून झाडे दिसत होती ते रुग्ण, खिडकीतून विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामके कमी लागली. या निष्कर्षाचा आधार घेऊन भिंतीवर झाडांचे, समुद्राचे पडदे लावण्याची कल्पना मांडली जाते. पण 2008 मध्ये पीटर कान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खरी खिडकी, तेच दृश्य दाखवणारा मोठा पडदा आणि कोरी भिंत यांची तुलना केली, तेव्हा ताणानंतर हृदयाची गती खाली येण्याच्या बाबतीत पडदा कोऱ्या भिंतीहून सरस ठरला नाही. तो प्रयोग रुग्णांवर नव्हता, हे ध्यानात ठेवूनही मला वाटते, की नवी इमारत बांधताना खाटेजवळची खिडकी वगळून तिच्या जागी पडदा देणे हा सौदा रुग्णाच्या तोट्याचा आहे.

याउलट जिथे पडद्यावाचून पर्याय नाही, तिथे तो फार मोलाचा ठरतो. भाजलेल्या रुग्णाची जखम धुताना होणाऱ्या यातना मोठ्या औषधांनीही पुरत्या थांबत नाहीत. डोळ्यांवर लावलेल्या पडद्यातून त्याला बर्फाच्या थंड आभासी जगात नेले, तर वेदना कमी जाणवतात, हे वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवून दिलेले आहे. एमआरआयच्या बोगद्यात लहान मुलाला अर्धा तास न हलता पडून राहायचे असते. चुंबकामुळे साधा पडदा आत नेता येत नाही, म्हणून बाहेरच्या पडद्यावरचे चित्र आरशातून दाखवले जाते. ते पाहत मूल स्थिर राहिले, तर काही वेळा भुलीचे औषध टाळता येते. दोन्ही ठिकाणी पडदा एका ठरलेल्या कामासाठी, ठरलेल्या वेळेपुरता असतो.

म्हणून रुग्णालयांना मान्यता देताना किंवा ती नव्याने देताना तीन गोष्टी पाहिल्या जाव्यात. ज्या पडद्यावर निदान होते, त्या प्रत्येकाच्या नावाने वही असावी आणि तिच्यात शेवटच्या मोजमापाची तारीख, आकडा आणि मोजणाऱ्याची सही असावी; आकडा खाली गेला असेल, तर तो पडदा निदानाच्या कामातून काढलेला असावा. तपासनिसाने प्रतिमा वाचण्याच्या खोलीत जाऊन तिथल्या दिव्यांचा उजेड स्वतः मोजावा. आणि रात्रीच्या पाळीत निदान एकदा त्याने रिकाम्या खाटेवर पाच मिनिटे आडवे पडावे, समोर काय लुकलुकते ते पाहावे, आणि ते बंद करण्याचे बटण पडल्यापडल्या, सुई नसलेल्या हाताने सापडते का, हे चाचपून पाहावे.